प्रशिक्षण आणि देखरेख: आरोग्यसेवेतील एका फारकतीचे खंडन

सार्वजनिक आरोग्यसेवेचा विषय निघाला की डॉक्टरांची रिक्त पदे, औषधांचा तुटवडा आणि इमारतींची दुरवस्था यांवर हिरिरीने बोलले जाते. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कार्यक्रमांची देखरेख हे विषय मात्र कार्यालयीन सोपस्कार म्हणून बाजूला पडतात. शिवाय प्रशिक्षण हे एका विभागाचे काम आणि देखरेख हे दुसऱ्याचे, अशी त्या दोहोंची फारकतही केली जाते. ही उपेक्षा आणि ही फारकत दोन्ही चुकीच्या असून त्यांची झळ थेट रुग्णाला लागते, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचे उदाहरण समोर ठेवले तर हा प्रश्न नेमका कळतो. ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या प्रचलित निकषांनुसार सपाट प्रदेशात साधारण ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, तर गावपातळीवर हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती असते. ही केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे असतात. उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अधिपत्याखाली चालते. वडनेरभैरवच्या परिसरातील एखादी बाई उपकेंद्रात तपासली जाते, पुढे चांदवडच्या रुग्णालयात येते आणि गरज पडली तर मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे ६५ किलोमीटरवरील नाशिकला पाठवली जाते. या वाटेवर तिला निरनिराळे कर्मचारी भेटतात आणि तिची नोंद निरनिराळ्या रजिस्टरांत होते. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला आपले काम नीट येते का, आणि टप्प्याटप्प्याने तिचे पुढे काय झाले याची कोणाला माहिती आहे का, हे दोन प्रश्न मुळात एकाच काळजीचे आहेत.

या भूमिकेविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आधी माणसे आणि औषधे द्यावीत. प्रशिक्षणे आणि अहवाल यांत रुग्णांचा वेळ खर्ची पडतो. दुसरा असा की प्रशिक्षणाने काही बदलत नाही, कर्मचारी नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रातून परततात आणि पूर्वीप्रमाणेच काम करू लागतात. तिसरा, आणि सर्वांत वजनदार, आक्षेप असा की देखरेख आली की उद्दिष्टे येतात, उद्दिष्टे आली की दडपण येते आणि दडपणातून खोटे आकडे निपजतात.

पहिल्या आक्षेपातील मागणी न्याय्य आहे. रिक्त पद कोणत्याही प्रशिक्षणाने भरून निघत नाही. पण पद भरले आणि औषध आले की उपचार आपोआप योग्य होतो, हे त्यामागचे गृहीतक टिकत नाही. बिहारच्या ग्रामीण भागातील उपचारकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना आधी काल्पनिक रुग्णाची माहिती देऊन प्रश्न विचारले गेले आणि नंतर आजारी बालकाचे पालक म्हणून प्रशिक्षित व्यक्ती त्यांच्याकडे पाठवण्यात आल्या. तोंडी सांगितलेले उपचार आणि प्रत्यक्ष दिलेले उपचार यांत मोठी तफावत आढळली. रक्तदाबाच्या साध्या तपासणीतही हे दिसते. रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवणे, पाठीला आधार देणे, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवणे, दंडाच्या घेराला साजेसा पट्टा उघड्या दंडावर बांधणे आणि मोजताना त्याच्याशी न बोलणे, एवढे पाळले नाही तर आकडा चुकतो. आकडा चुकला की कपाटातील गोळी एकतर नको त्याला मिळते किंवा हवी त्याला मिळत नाही. म्हणजे औषध कामी येण्यासाठीच कौशल्य लागते, आणि ते टिकले आहे का हे कोणीतरी पाहावे लागते.

दुसऱ्या आक्षेपातील निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या तपासणीसूचीचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे मार्गदर्शक वारंवार केंद्रात जाऊन परिचारिकांच्या सोबत उभे राहिले तिथे दोन महिन्यांनी आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के कृती होत होत्या, तर इतर केंद्रांत ४२ टक्के. पण भेटी थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ७३ वरून हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर उतरले. माता व नवजात मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. या प्रयोगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात: सोबतच्या मार्गदर्शनाने वर्तन बदलते आणि ते मार्गदर्शन थांबले की बदल ओसरतो, तसेच कृतींची सूची पूर्ण झाली म्हणजे जीव वाचला असे नव्हे, म्हणून अंतिम परिणाम वेगळा मोजावाच लागतो.

याच्या उलट बाजूचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो घटला नाही. हे यश केवळ प्रशिक्षणवर्गाचे नव्हते. आरोग्यदूत स्त्री घरी जाऊन बाळाचे वजन, तापमान आणि श्वासाचा वेग नोंदवत असे, पर्यवेक्षक नियमितपणे गावात येऊन त्या नोंदी आणि तिची कृती तपासत असत, आणि गावातील जन्म-मृत्यू घरोघरच्या पाहणीतून पडताळले जात. शिकवणे, पाहणे आणि मोजणे ही तिथे एकच प्रक्रिया होती. पुढे आशांमार्फत देशभर राबवल्या गेलेल्या नवजात काळजीच्या कार्यक्रमाचा पाया तिथेच घातला गेला.

तिसऱ्या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. कुटुंबनियोजनात शस्त्रक्रियांची उद्दिष्टे वरून लादली गेल्याने आणीबाणीच्या काळात जे अत्याचार झाले ते विसरता येणार नाहीत, आणि अखेर १९९६ मध्ये केंद्र सरकारला उद्दिष्टविरहित धोरण स्वीकारावे लागले. मात्र दोष मोजण्याचा नव्हता, काय मोजले जात होते आणि कशासाठी मोजले जात होते याचा होता. किती शिबिरे झाली, किती जणांची तपासणी झाली, किती गोळ्या वाटल्या, हे केलेल्या कामाचे आकडे आहेत. रुग्णाचे काय झाले हे त्यांतून कळत नाही, आणि म्हणूनच ते फुगवणे सोपे जाते.

याला पर्याय म्हणजे समूह-पाठपुरावा, म्हणजेच ठरावीक काळात नोंदवलेल्या रुग्णांचा एक गट धरून त्यातील प्रत्येकाच्या स्थितीचा हिशेब देणे. कारेल स्टिब्लो यांनी टांझानियातील क्षयरोग कार्यक्रमात ही पद्धत रुजवली आणि भारताच्या क्षयरोग कार्यक्रमानेही ती स्वीकारली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने तीच रक्तदाबाला लावली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांपासून तिचा आरंभ झाला. तिच्यात दर तिमाहीला आधी नोंदवलेले रुग्ण तीन रकान्यांत विभागले जातात: रक्तदाब १४०/९० च्या खाली आलेले, येऊनही तो खाली न आलेले आणि आलेच नाहीत असे.

समजा, एखाद्या केंद्रात शंभर रुग्णांपैकी पन्नास पहिल्या रकान्यात, वीस दुसऱ्यात आणि तीस तिसऱ्यात आहेत. दुसऱ्या रकान्यातील वीस जण वेळेवर येत असूनही त्यांचा डोस वाढवला गेला नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे हे तो रकानाच सांगतो. तिसऱ्यातील तीस जणांसाठी वर्ग घेऊन काही साधणार नाही. त्यांची गैरहजेरी उन्हाळ कांद्याच्या काढणीच्या महिन्यांत वाढत असेल, तर मजुरांना एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या देणे, बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवणे आणि आशेने घरी जाऊन चौकशी करणे हाच उपाय ठरतो. अशा रीतीने कोणाला काय शिकवायचे हे देखरेखीतून ठरते, आणि शिकवलेले उतरले का हेही पुढच्या तिमाहीच्या त्याच रकान्यांत दिसते.

आता मंडनाकडे वळावयाचे तर चांदवडसारख्या तालुक्यासाठी चार गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, प्रशिक्षणाचा मोठा भाग कामाच्या जागी व्हावा. नाशिकच्या वर्गानंतर अनुभवी परिचारिका किंवा तालुक्याचा अधिकारी ठरावीक अंतराने उपकेंद्रात बसून कृती पाहील, चुकले तेथे करून दाखवेल आणि त्याच दिवशी पुन्हा करून घेईल. दुसरी, नोंदी कमी आणि नेमक्या असाव्यात. एकच माहिती तीन रजिस्टरांत आणि दोन पोर्टलांवर भरायला लावणे हा आरोग्यसेविकेच्या वेळेचा अपव्यय आहे, आणि या बाबतीत पहिल्या आक्षेपकाची तक्रार पूर्णपणे मान्य करावी लागते. तिसरी, आकड्यांची पडताळणी व्हावी, पण शिक्षेसाठी नव्हे. रक्तदाबाच्या रकान्यात बहुतेक आकडे शून्याने संपत असतील तर ते यंत्रावरून जसेच्या तसे उतरवलेले नाहीत, हे जाणकार पर्यवेक्षकाच्या लगेच ध्यानी येते. त्याने नोटीस न काढता यंत्र चालते का, पट्टा योग्य आहे का आणि सेविकेला एका सकाळी किती जणांना तपासावे लागते हे आधी विचारावे. खऱ्या नोंदीने प्रतिकूल चित्र दाखवणाऱ्याला संरक्षण मिळाले तरच खऱ्या नोंदी येतील. चौथी, हिशेब लोकांसमोर यावा. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीने, गावकऱ्यांनी भरलेली प्रगतिपत्रके आणि जनसुनवाई यांच्या द्वारे, हे करता येते हे महाराष्ट्रात दाखवून दिले आहे.

यासोबत उपजिल्हा रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांची आढावा बैठक एकत्र व्हावी, कारण रुग्ण दोन्हीकडे एकच असतो आणि त्याच्या पाठपुराव्याची जबाबदारी दोन अधिकारसाखळ्यांच्या मध्ये हरवता कामा नये. त्या बैठकीत किती शिबिरे घेतली हा प्रश्न शेवटी यावा. नोंदवलेल्यांपैकी किती जण बरे झाले, किती जणांचा आजार आटोक्यात आला आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेले, हे आधी विचारले जावे. या प्रश्नांची उत्तरे देता येतील असे मनुष्यबळ घडवणे म्हणजेच प्रशिक्षण, आणि ती उत्तरे दर तिमाहीला प्रामाणिकपणे मागणे म्हणजेच देखरेख. यांपैकी एकाचा खर्च वाचवला तर दुसऱ्यावरचा खर्च वाया जातो, आणि त्याची किंमत वेळीच उपचार न मिळालेला रुग्ण मोजतो.