ठराव झाला, कुलूप तसेच

सार्वजनिक पैशातून जे उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क, हे तत्त्व मुंबईच्या विधिमंडळाने 1923 साली मान्य केले होते. सीताराम केशव बोले यांचा तो ठराव. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरची शाई वाळली, पण तळ्याचे पाणी ज्यांच्यासाठी खुले झाले त्यांच्या ओठांना लागले नाही. त्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि त्या ओंजळीपायी त्या दिवशी माणसांनी मार खाल्ला.

तहानेची आणि वाचनाची बरोबरी मी करत नाही. त्या अपमानाशी कशाचीच तुलना होत नाही. पण ठराव करायचा आणि तो केल्याच्या समाधानात झोपी जायचे, ही आपल्या समाजाची खोड तेव्हापासूनची आहे. आज ती कुठे नांदते हे पाहायचे असेल तर विद्यापीठात जावे.

एक शोधनिबंध कसा तयार होतो ते पाहा. प्राध्यापकाचा पगार सरकारी. प्रयोगशाळा, उपकरणे, संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हेही सारे सरकारी. म्हणजे साबणाच्या वडीवर आणि खताच्या गोणीवर कर भरणाऱ्या माणसाचे. निबंध लिहून झाला की प्राध्यापक तो परदेशी नियतकालिकाला फुकट देतो. दुसरे प्राध्यापक तो फुकट तपासतात. मग प्रकाशक लेखकाकडून मालकी हक्क लिहून घेतो आणि तोच निबंध त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. ज्याच्या पैशातून हे झाले तो साबण-खताचा गिऱ्हाईक दाराबाहेरच राहतो. वाचकाला फुकट हवे असेल तर लेखकाने पैसे भरावेत, अशी दुसरी वाट प्रकाशकांनी काढली आहे. ‘नेचर’ने 2021 पासून त्यासाठी एका लेखामागे 9,500 युरो ठरवले, म्हणजे त्या वेळचे आठ लाखांहून जास्त रुपये. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयातला शिक्षक ते कुठून आणणार?

या कुलपाची किंमत कधी कधी माणसे मोजतात. 2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. एकट्या लायबेरियात 4,800 च्या वर माणसे गेली. हा रोग आपल्या देशात असेल असे तिथल्या डॉक्टरांना वाटलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, युरोपातल्या संशोधकांनी 1982 सालीच लायबेरियातल्या माणसांचे रक्त तपासून हा देश इबोलाच्या पट्ट्यात धरावा असा इशारा एका निबंधात दिला होता. रक्त लायबेरियाचे, इशाराही लायबेरियासाठी. आणि असा एक निबंध उतरवून घ्यायला लायबेरियातल्या डॉक्टरला 45 डॉलर पडणार होते, त्याचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. निबंध हाती असता तर साथ टळली असती, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण ज्या माणसांच्या रक्तातून ज्ञान काढले त्यांनाच ते पैसे मोजून घ्यावे लागावे, यापेक्षा निर्लज्ज व्यवहार मला दुसरा माहीत नाही.

इथे प्रकाशकांना शिव्या देऊन मोकळे होता येते. माझे गाऱ्हाणे मात्र त्यांच्याशी थोडे आणि आपल्याशी फार आहे. व्यापारी नफा पाहतो, तो त्याचा धंदाच आहे. किल्ली त्याच्या हातात कोणी दिली? ती परत घ्यायचा मार्ग समोर असताना कोण हलत नाही?

मार्ग साधा आहे आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. परीक्षकांनी सुचवलेले बदल करून लेखक जो अंतिम मसुदा प्रकाशकाला पाठवतो, तो त्याने आपल्या विद्यापीठाच्या संगणकीय भांडारात ठेवायचा. बहुतेक मोठे प्रकाशक ठरावीक महिन्यांनंतर तो मसुदा सर्वांना खुला करायला हरकत घेत नाहीत. तोवर तो बंद ठेवावा आणि कोणी मागितला तर लेखकाने एक प्रत पाठवावी. 12 फेब्रुवारी 2008 रोजी हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेतल्या प्राध्यापकांनी तर एकमताने असा निर्णय घेतला की, निबंध लिहिला की तो खुला ठेवण्याचा परवाना विद्यापीठाकडे आपोआप राहील, प्रकाशकाशी करार त्यानंतर.

पण मला हार्वर्डपेक्षा बेल्जियममधले लीएज विद्यापीठ जास्त महत्त्वाचे वाटते. हार्वर्डकडे पैसा आहे, दबदबा आहे. लीएजकडे होता तो निश्चय. तिथले तेव्हाचे कुलगुरू बर्नार रांतिए हे विषाणुशास्त्रज्ञ. त्यांच्या विद्यापीठाने 2008 साली ‘ऑर्बी’ नावाचे भांडार उघडले आणि प्रत्येक निबंध त्यात ठेवणे सक्तीचे केले. सक्ती तर आपल्याकडेही परिपत्रकाने होते. रांतिए यांनी पुढचे पाऊल टाकले. पदोन्नतीसाठी, अनुदानासाठी, अंतर्गत मूल्यमापनासाठी जे निबंध विचारात घ्यायचे ते ऑर्बीत असलेलेच. भांडारात नाही तो निबंध विद्यापीठाच्या लेखी लिहिलाच गेला नाही. शिक्षा नाही, दंड नाही, भाषण नाही. फक्त मोजदाद कुठून करायची तेवढे बदलले, आणि भांडार भरत गेले. पुढे 2018 साली बेल्जियमने कायदाच केला: संशोधनाचा निम्मा किंवा अधिक खर्च सार्वजनिक पैशातून झाला असेल तर विज्ञानाचा निबंध सहा महिन्यांनी आणि मानव्यशास्त्रांचा बारा महिन्यांनी खुला करण्याचा लेखकाचा हक्क कोणताही करार हिरावू शकत नाही.

आपण या बाबतीत मागासलेले होतो, असे म्हणायची सोयही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2002 सालीच असे भांडार सुरू केले होते. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने 2006 साली आपल्या संशोधकांवर सक्ती केली, हार्वर्डच्या दोन वर्षे आधी. डिसेंबर 2014 मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी धोरण जाहीर केले की, आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा खुल्या भांडारात गेला पाहिजे. धोरण उत्तम आहे. पण पदोन्नतीच्या मुलाखतीत ‘निबंध भांडारात ठेवलात का?’ हा प्रश्न तुम्ही कधी ऐकलात? प्रश्न असतो तो नियतकालिकाच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’चा, म्हणजे त्यातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला त्या आकड्याचा. कूळ विचारायची आमची सवय गेलेली नाही. पूर्वी माणसाचे विचारत होतो, आता निबंधाचे विचारतो. निबंधात काय आहे ते वाचायची तसदी समितीतले किती जण घेतात?

नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 सरकारी संस्था. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला यातून खरा लाभ होईल आणि त्याचा मला आनंद आहे. पण यात कुलूप उघडलेले नाही, कुलपाचे भाडे ठोक दराने भरले आहे. गावातला खासगी दवाखाना चालवणारी डॉक्टर, निवृत्त शिक्षक, वार्ताहर, नवे बियाणे करून पाहणारा शेतकरी अजून बाहेरच आहेत.

या आळसाखाली आणखी जुने काहीतरी दडले आहे. दप्तरे वाळवीने खाल्ली तरी चालतील पण दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, अशा वृत्तीच्या घरांचे उंबरठे इतिहासाचार्य राजवाड्यांनी झिजवले. शिष्याला सारे शिकवून एक डाव राखून ठेवणाऱ्या गुरूंना आपण चतुर म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली पीएच. डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘शोधगंगा’त आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, त्यांत मराठीतलेही पुष्कळ. तरीही ‘आपले चोरले जाईल’ म्हणून प्रबंध खुला करायला कां-कूं करणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. खुल्या प्रबंधातली चोरी लगेच पकडता येते. कपाटातल्या प्रबंधाची नक्कल वीस वर्षे कोणाला कळत नाही. ही भीती कशाची, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि खुलेपणाच्या नावाने जो बाजार मांडला गेला त्याचीही लाज आपल्याला वाटली पाहिजे. काही हजार रुपये भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, असली नियतकालिके आपल्याच गुणांच्या हव्यासावर पोसली गेली. पुण्याच्या विद्यापीठातील अभ्यासगटाने आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली हजारभर नियतकालिके तपासून 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये सांगितले की, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरावीत अशी आहेत. शिफारस करणारी विद्यापीठे आपलीच होती. ‘खुले म्हणजे हलके’ हा समज पसरला तो या पापामुळे. पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी दुर्मीळ पुस्तके संगणकावर आणून जगाला फुकट वाचायला ठेवली आहेत. ती कोणाला हलकी वाटली?

तेव्हा कुलगुरूंनो, नव्या धोरणाची समिती नेमू नका. पुढच्या पदोन्नतीच्या अर्जात एक रकाना घाला: निबंधाचा भांडारातला दुवा. तो रिकामा असेल तर निबंध मोजू नका. ग्रंथालयात एक माणूस या कामावर बसवा, जो प्राध्यापकाला करार वाचून दाखवील आणि मसुदा चढवून देईल.

मीही बत्तीस वर्षे शिकवले आणि करारांवर न वाचता सह्या केल्या. गेल्या वर्षी एका महाविद्यालयातल्या तरुण शिक्षिकेने माझा एक जुना निबंध मागितला. घरचा संगणक दोनदा बदललेला, मसुदा कुठेच सापडेना. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर गेलो तर चोवीस तास वाचायला पस्तीस डॉलर मागितले, माझे नाव वर छापून. मी तिला कळवले की, तो निबंध माझ्याकडे नाही.