भित्र्या पिल्लाला ओढू नका

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी कुत्रे असेल. एखादे पिल्लू मोठे बुजरे निघते. भांडे पडले की ते कोपऱ्यात दडते, पाहुणा आला की खाटेखाली शिरते. अशा वेळी आपण काय करतो? 'भित्रट' म्हणून त्याला हसतो आणि मानगूट धरून बाहेर ओढतो. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर नेऊन उभे केले की भीती मोडते, अशी आपली ठाम समजूत आहे. ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते स्वतः चूक केल्यावर बनलेले आहे.

मावळात कामशेतजवळ वडिवळे हे गाव आहे. कुंडली नदीवरच्या वडिवळे धरणामुळे हे नाव काहींनी ऐकले असेल. भाताच्या मळणीच्या दिवसांत मी तेथे चुलतभावाकडे गेलो होतो. खळ्यावर मळणी यंत्र सुरू झाले की घरातले अडीच महिन्यांचे पिल्लू, मोत्या, पोत्यांमागे जाऊन थरथरत बसे. "अरे, उचलून आण त्याला इकडे. चार वेळा आवाज ऐकला की भय जाईल," दादा म्हणाले. मलाही ते पटले. यंत्रापासून दहा पावलांवर मी त्याला घट्ट धरून उभा राहिलो. त्याने खूप धडपड केली आणि मग ते निपचित झाले. झाली सवय, असे मला वाटले. संध्याकाळी मी ओटीवर आलो, तर नुसती माझी पावले ऐकून ते पोत्यांमागे पळाले! सकाळपर्यंत त्याला फक्त यंत्राची भीती होती. आता माझीही वाटू लागली.

असे का व्हावे? रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की एखादी खूण वारंवार अन्नाबरोबर आली, तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. भीतीचेही तसेच आहे. मोत्याच्या लेखी मी आणि ती धडधड एकत्र जोडले गेलो. त्याचे निपचित होणे ही सवय नव्हतीच. सुटकेची वाट उरली नाही म्हणून त्याने धडपड सोडली होती.

येथे मला माझा विषय आठवला. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. दहा पावलांऐवजी चाळीस पावलांवर गेलो, तर तीव्रता सोळावा हिस्सा उरते. कानाला आवाज सोळा पट लहान वाटत नाही हे खरे, पण तो बराच सौम्य होतो. शिवाय माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. म्हणजे आपल्याला साधी वाटणारी धडधड त्याला कशी ऐकू येत असेल, हे आपण आपल्या कानांवरून ठरवू नये.

मग मोजमाप कशाने करावे? भाकरीच्या तुकड्याने! फार घाबरलेले पिल्लू खात नाही. दुसऱ्या दिवशी मी घराच्या मागच्या बाजूला, यंत्रापासून दूर जाऊन बसलो. तुकडा टाकला आणि मोत्याकडे न पाहता थांबलो. कितीतरी वेळाने ते आले आणि तुकडा घेऊन पळाले. पुढे रोज दोन-चार पावले यंत्राकडे सरकायचे. त्याने खाणे थांबवले की मागे यायचे. अंतर किती ठेवायचे ते मोत्या ठरवी, मी फक्त वहीत नोंद करी.

यात वयाचेही महत्त्व आहे. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवड्यांपर्यंत माणसांच्या सहवासाविना वाढवली होती. ती पुढे माणसाला फार बुजत. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेते. या काळातली धसमुसळी वागणूक महागात पडते, आणि याच काळातला सौम्य सहवास जन्मभर पुरतो. काही पिल्ले उपजतच बुजरी असतात. त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो, इतकेच.

विश्वास केवळ खाऊने मिळतो असेही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला, तर काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. अनेक भेटींनंतर कुत्र्यांनी अधिक विश्वास टाकला तो हात फिरवणाऱ्या माणसावर. मात्र तुम्ही हा प्रयोग रस्त्यावरच्या कुत्र्यांवर करू नका. घाबरलेले कुत्रे चावू शकते आणि रेबीज हा प्राणघातक रोग आहे. चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. घरच्या पिल्लालाही पशुवैद्यांकडून वेळेवर लस टोचून घ्यावी.

"लाडाने कुत्रे भ्याड होते," असे दादा अजूनही म्हणतात. पण भीतीच्या वेळी जवळ बसून धीर देणे म्हणजे लाड नव्हे. मोत्या काही शूर झाला नाही. बाराव्या दिवशी यंत्रापासून वीस पावलांवर त्याने भाकरी खाल्ली, त्यापुढे तो गेला नाही. परंतु यंत्र एकदम मोठ्याने धडधडले, तेव्हा तो पोत्यांमागे न पळता माझ्या पायांशी येऊन बसला. माझ्या वहीतली ती शेवटची नोंद आहे. तुमच्या घरी असे पिल्लू असेल, तर तुम्हीही आजपासून एक वही करा.