गाणं पोहोचलं, नाव मागेच राहिलं

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता नांदेडच्या आमच्या वस्तीत डीजेची गाडी चौकात येऊन थांबली. केक कापला, निळ्या गुलालात माणसं ओळखू येईनाशी झाली, आणि तिसरंच गाणं लागलं ते माझ्या मामेभावाच्या बँडचं. चौकभर पोरं नाचत होती. भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. "ताई, आपलंच आहे ना हे?" एवढंच म्हणाला. त्याची त्यालाच खात्री वाटेना, कारण बेस वाढवलेला, वेग वाढवलेला, आणि दर कडव्यानंतर एक घोगरा आवाज डीजेचं नाव पुकारत होता. बँडचं नाव कुठेच नव्हतं.

बँड म्हणजे चौघं. भाऊ लिहितो आणि रॅप करतो, दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. एक ढोलकी वाजवतो, एकाकडे सेकंडहँड कीबोर्ड आहे, आणि गाते ती मुलगी बी.एड.ला आहे. गाणं रेकॉर्ड झालं मामाच्या मागच्या खोलीत, भिंतीला गोधड्या लावून. दुसऱ्या दिवशी मी त्या डीजेला गाठलं. तोही आपलाच, पलीकडच्या नगरातला. तो म्हणाला, "ताई, मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. फाईलवर लिहिलं होतं 'नवीन भीमगीत'. मी नाव घ्यायचं तर कुणाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. चोर म्हणून भांडायला गेले होते, चहा पिऊन परत आले.

नव्या बँडनं आपली दखल कशी घ्यायला लावायची, यावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. रोज रील टाका, ठरलेल्या वेळी टाका, पहिल्या तीन सेकंदांत पकड घ्या. हे सगळं खोटं नाही. पण हे सल्ले धरून चालतात की बँडकडे श्रोता नाही आणि तो मिळवायचा आहे. आपल्या पोरांची अडचण उलटी आहे. श्रोता आहे. जयंतीला आहे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आहे. त्या गर्दीचा हेवा कोणत्याही संगीत महोत्सवाला वाटावा. फक्त हा श्रोता कुठे मोजला जात नाही. डीजेच्या गाडीवर चौकभर लोकांनी ऐकलेलं गाणं स्पॉटिफायच्या हिशेबात शून्य वेळा ऐकलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फाईलचंही तेच. आपल्याला न मोजलं जाण्याची सवय आहे म्हणून कदाचित हे खटकत नाही.

आपल्या जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक होती. वामनदादा कर्डकांची गाणी खेड्यापाड्यांत तोंडोतोंडी पसरली, पण त्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. चोखोबांच्या अभंगात चोखा येतो, जनाबाईंच्या अभंगात जनी येते. छापखाना हाताशी नव्हता, हक्कांची नोंद नव्हती, तेव्हा नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं. गाणाऱ्यानं ते काढलं तर यमक तुटायचं. आमच्या डीजेनं मध्येमध्ये स्वतःचं नाव घुसवलं तेही त्याच शहाणपणानं. नाव घालायचं विसरली ती आमची पोरं.

पण नाव गाण्यात असलं की भागतं असंही नाही. तमिळनाडूचं उदाहरण घ्या. २०२१ च्या मार्चमध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं. अरिवु आणि धी यांनी गायलेलं, संतोष नारायणन यांची निर्मिती. अरिवुची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली, तिची आठवण त्या गाण्याच्या पोटात आहे. कोट्यवधी वेळा ते पाहिलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियानं या यशाच्या निमित्तानं मुखपृष्ठ काढलं, त्यावर धी होती, गायक शान व्हिन्सेंट डी पॉल होता, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला, गदारोळ झाला, मग अरिवुचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ आलं. पुढच्या वर्षी चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात ते गाणं अरिवुशिवाय सादर झालं आणि गाणं नेमकं कुणाचं यावर वाद पेटला. अरिवुनं आपलं म्हणणं मांडलं, संतोष नारायणन आणि धी यांनी त्यांचं. आणि २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनीच जाहीर केलं की या गाण्यातून आपल्या कुणालाही एक रुपयाही मिळालेला नाही.

कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा मी करणार नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच: दखल तर अख्ख्या जगानं घेतली. पण मुखपृष्ठावर कोण बसणार, श्रेय कसं वाटलं जाणार, पैसा कोणत्या खात्यात थांबणार, हे गाण्याच्या बाहेर, कागदांवर आणि ओळखींवर ठरलं.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. आपल्या बँडांना गायक कमी नाहीत, लिहिणारे कमी नाहीत. कमी आहे तो कागद बघणारा माणूस. शहरातल्या कॉलेजात ज्यांचे बँड निघतात त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात किंवा ओळखीत हा माणूस फुकट असतो. मावशी वकील असते, बाबांचा मित्र वर्तमानपत्रात असतो, कुणाची बहीण जाहिरात कंपनीत असते. करार तीच वाचते, परिचयाचे दोन परिच्छेद तीच लिहिते, फोन तीच करते. समाजशास्त्राच्या वर्गात आपण याला सामाजिक भांडवल म्हणतो आणि परीक्षेत त्यावर टीप लिहितो. वस्तीतल्या बँडला ही मावशी नसते. पण त्याच वस्तीत आता पदवीधर आहेत. तुम्ही आहात, मी आहे.

मी काय केलं ते सांगते. हैदराबादला पीएच.डी. करताना मी एका परिषदेत आंबेडकरी संगीतावर शोधनिबंध वाचला. त्यात भावाच्या बँडच्या या गाण्यावर दीड पान होतं. परदेशी अभ्यासकांची नावं मी एकूण एक तपासली, प्रकाशन वर्षासकट. या गाण्यापुढे मी लिहिलं होतं: 'जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलेलं गीत'. मला नावं माहीत होती. त्यातला एक माझ्या मामाचा मुलगा होता. पण निबंधात ते 'लोक' म्हणूनच चांगले दिसत होते. माझ्या बायोडाट्यात एक ओळ वाढली. डीजेशी भांडायला निघाले तेव्हा हे मला आठवलं नव्हतं, चहा पिताना आठवलं.

तर कागद. गाणं बाहेर टाकण्याआधी एक साधा ताव घ्यायचा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, वाद्यं कुणाची, पैसा आलाच तर वाटणी कशी. तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. मैत्रीत हे लिहायला लाज वाटते. गाणं चालल्यावर लिहायला बसलात तर मैत्रीच उरत नाही. आमच्याकडे ढोलकीवाल्याचं नाव यादीत घालायचं का यावरच तासभर गेला, कारण 'तो तर फक्त वाजवतो'. हे वाक्य आपल्याच तोंडून यावं, हे मला बोचलं. वाजवणाऱ्या हातांना कमी लेखायची रीत कुठून आली हे आपल्याला कुणी सांगायला नको.

कंपनीचा करार आला तर 'एकरकमी' आणि 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे शब्द शोधायचे. कॅसेटच्या काळात आपल्या अनेक गायकांनी याच शब्दांवर सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. आज कायदा थोडा बरा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा आता त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करते, तिचं सभासद होता येतं. अर्ज इंग्रजीत आहे, पॅन लागतो, बँकेचा तपशील लागतो. कीबोर्ड शिकण्यापेक्षा सोपं आहे, पण कुणीतरी शेजारी बसायला लागतं.

चालीबद्दल मात्र कडू बोलावं लागेल. आपली कितीतरी भीमगीतं सिनेमाच्या चालींवर आहेत. ते योग्यच होतं. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असायची, नवा शब्द लगेच बसायचा, वाद्यवृंदाचा खर्च नव्हता. माझ्या आईला अर्धी चळवळ त्याच चालींवर पाठ आहे. पण यूट्यूबची यंत्रणा चालसुद्धा ओळखते. तुम्ही गायलेलं बाबासाहेबांवरचं गाणं, आणि त्यावरच्या जाहिरातीचा पैसा सिनेमाच्या कंपनीला, असं होऊ शकतं. चौकात गायला ती चाल खुशाल घ्या. आपलं म्हणून जगापुढे ठेवायचं गाणं स्वतःच्या चालीवर बांधा.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांत आमची पोरं हटकून चुकतात. बँडचं नाव यूट्यूबवर एका स्पेलिंगनं, इन्स्टाग्रामवर दुसऱ्या आणि पोस्टरवर तिसऱ्या, मग शोधणाऱ्याला सापडणार काय? स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते प्रसिद्ध व्हायच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. आमच्यांनी १३ एप्रिलच्या संध्याकाळी चढवलं. तिथून मोठा पैसा येईल या भ्रमातही राहू नका. २०२४ पासून तिथे वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याची रॉयल्टीच निघत नाही. तिथे असायचं ते सापडण्यासाठी.

पैसा यायचा तर तो मंचावरून, आणि मंच आपलाच आहे. जालंधरची गिन्नी माही गुरू रविदासांच्या जयंतीच्या मंचांवर गात पुढे आली. दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी २०१६ च्या सुमारास तिला शोधलं तेव्हा तिचा श्रोता आधीच तयार होता. चेन्नईत द कास्टलेस कलेक्टिव्हचा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. गाना आणि रॅप गाणारी, परई वाजवणारी एकोणीस जणं, आणि नाव पंडित अयोथी दासांच्या 'जातिविरहित तमिळ' या कल्पनेवरून घेतलेलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढे झालं. चेन्नईत मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सभांमधून कर्नाटक संगीताचा हंगाम चालतो. परईला आणि गानाला त्या सभांत जागा नव्हती. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरनं २०२० च्या डिसेंबरात, त्याच हंगामात, स्वतःचा महोत्सव उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं 'मार्गळियिल मक्कळिसै', मार्गळीतलं लोकांचं संगीत. सभेच्या दारात अर्ज घेऊन उभं राहणं त्यांनी सोडून दिलं.

आपल्याकडे असा हंगाम आयताच आहे. एप्रिलभर जयंती चालते. पण मंडळं डीजेला हजारो रुपये मोजतात, बेंजो पार्टीला आगाऊ देतात, आणि वस्तीतल्या बँडला सांगतात, "समाजाचं काम आहे, दोन गाणी म्हणा." ढोलकीवाल्याचा त्या दिवशीचा रोज बुडतो, तोही समाजाचाच असतो. वर्गणीच्या हिशेबात 'स्थानिक बँड' अशी एक ओळ असावी आणि माईकवरून नाव घेतलं जावं, एवढं मागायला कुठल्या कंपनीची गरज नाही.

एक गोष्ट घाईघाईनं सांगून टाकते. मराठीत 'दखलपात्र' हा शब्द गुन्ह्यासाठी आहे, आणि आपल्या गाण्यांची ती दखल लवकर घेतली जाते. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात दोन तरुण रॅपरांवर गाण्यांसाठी गुन्हे नोंदले गेले. त्यामुळे त्या तावावर वाटणीच्या खाली एका वकिलाचा नंबरही लिहून ठेवावा. घाबरून ओळी बदलायच्या का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. भावानं बदललेल्या नाहीत.

परिषदेचा तो निबंध आता पुस्तकात येणार आहे. संपादकांना पत्र लिहून मी ती ओळ बदलून घेतली: चौघांची नावं, बँडचं नाव, गाण्याचं वर्ष. ढोलकीवाल्यासकट. भावाचं नवं गाणं तयार आहे, स्वतःच्या चालीवर. शेवटच्या कडव्यात नाव घालायचं हे ठरलं, पण त्याचं की बँडचं यावर गाणारीनं भांडण काढलंय आणि तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. मंडळाची बैठक रविवारी आहे. मानधनाचा विषय मी अर्जात लिहून दिलाय. अध्यक्ष म्हणाले, बघू.