लख्ख फरशी, पण कुणाच्या जिवावर?

पावसाळा सरला की प्रांगणातल्या जुन्या सिमेंटच्या फरशा हिरव्या-काळ्या पडतात. मग स्नेहसंमेलन तोंडावर आले, की ॲसिडचा कॅन येतो. सफाई कामगार ते उघड्या हातांनी ओततो, फेस उसळतो आणि आपण म्हणतो, "वा! काय लख्ख झाली!"

वस्तुतः तो फेस मळाचा नव्हे, फरशीचाच असतो. ॲसिड सिमेंटमधला चुना खाते. वरचा थर जाऊन वाळू उघडी पडते, खरबरीत फरशीत पाणी मुरते आणि पुढच्या वर्षी शेवाळ अधिकच जोमाने धरते. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन सुटतो. १९१५ साली बेल्जियमच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला, तो हाच वायू!

उपाय साधा आहे. फरशी भिजवावी, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ताठ खराट्याने घासावी, भरपूर पाण्याने धुवावी. तुंबलेले पाणी वाहते करावे. याला वेळ लागतो, हे खरे. पण काम चार दिवस आधी सांगितले, तर तो मिळतो. आणि दोन खराटे आपण विद्यार्थ्यांनी हाती घेतले, तर बिघडले कुठे?

जुनी फरशी नवी दिसलीच पाहिजे असे नाही. तिच्यावरून कुणी घसरू नये आणि ती धुणाऱ्याची छाती जळू नये, एवढे पुरे.