मोजा, पण विचारूनही पाहा

आफ्रिकेतील कुटुंबनियोजनाविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या मंडळींचा आकड्यांवर भारी विश्वास. घरोघरी प्रश्नावली न्यायची, ‘एकूण किती मुले हवीत?’ असे विचारायचे आणि उत्तरांच्या टक्केवारीवरून धोरण आखायचे, ही त्यांची रीत. पश्चिम आफ्रिकेत कित्येक स्त्रियांनी उत्तर दिले, ‘देव देईल तितकी.’ अहवालात त्याची नोंद झाली ‘संख्येत न दिलेले उत्तर’! ज्या शब्दांत एका मातेची श्रद्धा आणि आयुष्याचा अनुभव साठलेला होता, ते शब्द कोष्टकातील एका अडगळीच्या रकान्यात जमा झाले.

केवळ मोजणी कशी फसवते, हे गांबियात दिसून आले. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन ब्लेडसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तेथील खेड्यांत सर्वेक्षणाला प्रत्यक्ष संवादाची जोड दिली. गर्भपात झालेल्या, मृत मूल जन्मलेल्या किंवा अपत्य गमावलेल्या काही स्त्रिया आधुनिक गर्भनिरोधके वापरीत होत्या. मूल गेलेली आई गर्भधारणा का टाळते? आकड्यांपाशी उत्तर नव्हते; स्त्रियांपाशी होते. शरीर झिजले आहे, त्याला विसावा हवा, बळ आले की पुन्हा मूल हवे! रकान्यात ‘गर्भनिरोधक वापरणारी’ म्हणून मोजलेली ती स्त्री मुलांना नकार देत नव्हती, पुढच्या मुलाची तयारी करीत होती.

आपल्यातील काहींनी मात्र यावर टाळ्या पिटू नयेत. असे सारे संशोधन म्हणजे कारस्थान, असे म्हणून ते भिरकावून देणे हाही बहिरेपणाच. योरुबा समाजात बाळंतपणानंतर दोन-तीन वर्षे पतिपत्नी संयम पाळीत. दोन मुलांत अंतर राखण्याचा विचार तेथे कोणी बाहेरून नेलेला नाही. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकानेही गंभीर कारणांसाठी, नैसर्गिक मार्गाने, असे अंतर राखणे ग्राह्य मानले आहे. शिवाय दहा मातांच्या गप्पांवरून अख्खा प्रांत कळत नाही. बाळंतपणात किती माता दगावतात, हे मोजल्यावाचून कोण सांगणार?

बार्तिमय आंधळा होता, हे सर्वांना दिसत होते. तरीही ख्रिस्ताने त्याला काय हवे ते विचारले. शासन असो, संशोधक असो वा धर्मगुरू, मातेविषयी बोलण्याआधी त्याने तिला विचारावे. आणि तिचे उत्तर रकान्यात बसत नसेल, तर उत्तर नव्हे, रकाना बदलावा.