निळी छत्री आणि आपले टेकोडे



पाऊस लागला की कारंजा (घाडगे) भागात निंदणाला गेलेल्या आयाबाया धुऱ्यावरून टेकोडे आणतात. झाडीपट्टीत त्यांनाच सात्या म्हणतात. चव मटणाची आणि पैसा लागत नाही. मजुराच्या घरी यापरते काय हवे?

२०२४ साली चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातील कागजनगरच्या जंगलात एक दुर्मिळ अळंबी दिसल्याची बातमी आली. छत्री आकाशी निळी, छत्रीखालच्या पात्यांवर गुलाबी झाक. ओल्या जंगलात, कुजक्या पाल्यात ती उगवते. न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. अशी पोरांच्या हाती लागली तर त्यांना ती जरूर पाहू द्या, पण चुलीपर्यंत येऊ देऊ नका. गुलाबी पातीच्या या घराण्यात विषारी जाती आहेत.

अडचण अशी की टेकोड्याच्या पात्याही पुढे गुलाबीच होतात. म्हणून रंगावर जाऊ नये. टेकोड्याचा देठ मुळीसारखा खोल जातो, थेट उधईच्या घरापर्यंत. उधईच त्याची शेती करते म्हणा ना! वरचेवर तोडले तर ही खूण कळत नाही; बुडापासून खणून पाहावे, आणि जाणत्या म्हातारीला दाखवावे. तिने मान हलवली की फेकावे.

चांदीचे नाणे काळे पडते, लसूण काळा पडतो, किड्याने खाल्ले ते माणसाला चालते, या साऱ्या थापा आहेत. गंडेदोरे आपण १९५६ सालीच सोडले; मग पातेल्यातले नाणे कशाला? काही अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही. जेवणानंतर सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब लागतात, मग बरे वाटते, आणि यकृत आतून निकामी होत जाते. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यातून परतू नये.

पावा येथील चुंद लोहाराने भगवंतांना वाढलेले सूकरमद्दव म्हणजे अळंबीच, असे काही अभ्यासक मानतात. काही डुकराचे मांस म्हणतात. उरलेले अन्न पुरून टाक, असे भगवंतांनी चुंदाला सांगितले, आणि त्याला कोणी दोष देऊ नये म्हणून आनंदाला बजावले. रांधणारीला घरात बोल लावत बसण्यात वेळ दवडू नका. उरलेली अळंबी, सोललेले तुकडेसुद्धा, कागदात बांधून रोग्यासोबत सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरांना ते पाहायला लागतात.