किल्ली कोणाच्या कमरेला?

मित्रांनो, फुकट धान्य वाटणारा सावकार कधी पाहिलाय? मीही नाही. पण फुकट टपालपेटी, फुकट कपाट, फुकट नकाशा देणारे आपल्या खिशात चोवीस तास बसलेत. त्यांचं पोट कशावर भरतं, हे आपण विचारत नाही. ते आपल्यावर भरतं. आपण कुठं जातो, कुणाला फोन लावतो, रात्री काय शोधतो, ह्याची खतावणी ठेवायची आणि तिच्या जोरावर जाहिराती विकायच्या, हा धंदा.

"माझ्याकडं लपवायला आहे काय?" असं विचारणारे रोज भेटतात. त्यांना मी आम्स्टरडॅम सांगतो. हॉलंडात लोकनोंदणी चोख होती. नाव, पत्ता, धर्म. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. 1940 मध्ये नाझी आले आणि तयार यादी त्यांच्या हातात पडली. सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून जास्त मारले गेले. 27 मार्च 1943 च्या रात्री काही कलावंत आणि त्यांचे साथीदार पोलिसांचे गणवेश चढवून नोंदणी कचेरीत घुसले, कार्डांना आग लावली. त्यातल्या 12 जणांना पुढं गोळ्या घातल्या. कागद जाळण्यासाठी माणसं मेली, कारण यादी ही काय चीज आहे ते त्यांना कळलं होतं.

आता आपल्या शाखेची यादी डोळ्यापुढं आणा. नाव, आडनाव, वस्ती, फोन. आपल्या देशात आडनाव आणि वस्ती सांगितली की बहुतेकदा जात सांगून झाली. ही यादी कुणाच्या कपाटात पडलीय? यादी करणारा भला असेल. पण उद्या ती कुणाच्या हातात जाईल, हे तो सांगू शकतो का?

युरोपनं हा धडा जाळून घेऊन शिकला. पश्चिम जर्मनीतल्या हेसेन राज्यानं 1970 मध्ये जगातला पहिला माहिती-संरक्षण कायदा केला. 1983 मध्ये सरकार शिरगणतीला निघालं तेव्हा लोकांनी बहिष्काराची हाक दिली. 15 डिसेंबर 1983 ला कार्ल्सरूच्या घटना न्यायालयानं निकाल दिला, की स्वतःच्या माहितीचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. 25 मे 2018 ला लागू झालेला जीडीपीआर त्याच वाटेवरचा. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं क्लाउड ॲक्ट केला. अमेरिकी कंपनीचा सर्व्हर डब्लिनमध्ये असो की मुंबईत, तिथला कायदेशीर हुकूम आला की माहिती मागता येते. म्हणून "आमचा सर्व्हर युरोपात आहे" ह्या पाटीला भुलू नका. सर्व्हरचा पत्ता राहू द्या, मालकाचा विचारा.

मी काय निवडलं ते सांगतो. पत्रांसाठी हॅनोव्हरची टुटा. स्वित्झर्लंडची प्रोटॉनही चालेल. दोन्हीकडं आतल्या आत पत्र पाठवलं तर पाठवणाऱ्याच्या मशीनवर कुलूप लागतं आणि वाचणाऱ्याच्याच मशीनवर उघडतं. कंपनीकडं किल्ली नाही. टुटा विषयाची ओळही कुलपात ठेवते, प्रोटॉन तसं करत नाही. दोघांचं मोफत खातं मिळतं, जागा कमी. त्याचा खर्च पैसे भरणारे उचलतात, जाहिरातवाले नव्हे. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस. ते सांभाळणारी संस्था बर्लिनची, मेनू मराठीतही मिळतात, पैसा लागत नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं 2024 मध्ये सुमारे 30,000 सरकारी संगणक त्याच्यावर न्यायचं ठरवलं. फायलींसाठी 2016 मध्ये जर्मनीत सुरू झालेलं नेक्स्टक्लाउड. ते स्वतःच्या मशीनवरही बसवता येतं. पासवर्डसाठी कीपासएक्ससी, म्हणजे तिजोरी आपल्याच घरात.

पण दोस्तहो, युरोप म्हणजे काही देव नव्हे. 2021 मध्ये प्रोटॉनला स्विस हुकूम आला आणि एका फ्रेंच आंदोलकाचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर देता आला नाही, कारण तो कुलपात होता. उलट स्वीडनच्या मलवाड व्हीपीएनच्या कचेरीत एप्रिल 2023 मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हातानं परतले. नोंदच ठेवली नव्हती, नेणार काय? निरोपांसाठी मी सिग्नल ठेवतो. ते अमेरिकेचं आहे. पण 2021 मध्ये तिथल्या सरकारनं माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडं द्यायला होत्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. म्हणून झेंडा दुसऱ्या नंबरावर. पहिला सवाल एकच: किल्ली कोणाच्या कमरेला? आणि दुसरा: वहीत लिहिलंय काय?

दारही कायम उघडं राहील ह्या भरवशावर राहू नका. 29 एप्रिल 2025 ला कर्नाटक उच्च न्यायालयानं प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची पावलं उचला, असा आदेश केंद्राला दिला होता. एका खटल्यातल्या घाण मेलांपायी हजारोंच्या टपालपेटीवर गदा! तेव्हा पत्रांची, फायलींची एक प्रत आपल्या डिस्कवर असलीच पाहिजे.

आणि हे एकट्यानं करून भागत नाही. मी टुटावरून लिहिलं आणि तू गूगलवर वाचलंस, तर माझ्या पत्राची प्रत गूगलच्या कपाटात पडलीच. माझं कुलूप तुझ्या दारात उघडं पडतं. गोपनीयता म्हणजे सुखवस्तू माणसाचा बंद दरवाजा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. ही एकमेकांची राखण आहे. ज्याला उद्या नोकरीवरून काढतील, ज्याच्या घरी रात्री जीप येईल, त्याचं नाव माझ्या फोनमध्ये आहे. ते सांभाळणं माझं काम.

म्हणून ह्या महिन्यात प्रत्येक शाखेनं एवढं करावं. सभासदांची यादी फुकटच्या कपाटातून काढावी, कुलपात ठेवावी, जुनी प्रत पुसावी. गरज नसलेले रकाने खोडावेत. मग पत्रं हलवावीत, दहा जणांनी एकदम. ज्याला जमत नाही त्याच्या शेजारी बसून करून द्यावं, त्याला हसू नये.

यादी आपली आहे. ती राखायची आपणच.